दुसऱ्या ओळीचा थांबा

१२ जानेवारी

सरावाची वही ठेवा, असं ग्रुपवरच्या ‘सहावी तार’नं सांगितलं. काय वाजवलं, कुठे अडलं, हात कुठे दुखला, एवढंच लिहायचं. तर लिहिते.

वाजवलं: धाकट्याची धून, पहिल्या दोन ओळी. अडलं: कुठे नाही. दुखलं: डावा अंगठा, मनगट, खांदा.

‘सहावी तार’ हे अर्थातच खरं नाव नाही. तिथे सगळे टोपणनावानं असतात. घरी गिटार वाजवायची, फोनवर रेकॉर्ड करायची, ग्रुपवर टाकायची, मग बाकीचे काय चुकलं ते सांगतात. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, आयुष्यभर गिटार शिकवली म्हणतात. लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. मी कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमध्ये काम करते म्हणून नाव घेतलं ‘कवळी’. आता मी तिथे कवळीताई. एकानं विचारलं, आजी, वय काय तुमचं? बावन्न, म्हटलं, आणि दात सगळे माझेच आहेत.

१३ जानेवारी

कालच्यात एक राहिलं. एप्रिलमध्ये ही मंडळी एका छोट्या हॉलमध्ये जमतात आणि एकमेकांसमोर वाजवतात. मी नाव दिलं आहे. सहावी तार म्हणाले, घाई करताय. मी म्हटलं, दिलं ते दिलं.

धाकटा ऑगस्टमध्ये गेला. माझा एकुलता एक भाऊ. गिटार भावजयीनं स्वतः माझ्याकडे आणून दिली. “ताई, मला बघवत नाही. तुमच्याकडे राहू दे.” त्याच्या फोनमधली रेकॉर्डिंगं मी मागून घेतली. बरीचशी लोकांची गाणी आहेत. ही धून एकच त्याची स्वतःची. शब्द नाहीत, नाव नाही, चार ओळी. मी ती चार माणसांसमोर वाजवली नाही तर ती फोनमध्ये राहील आणि एक दिवस फोन बंद पडेल. ते मी होऊ देणार नाही. बस.

१९ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग टाकलं. फ्रिजची घरघर येऊ नये म्हणून फ्रिज बंद केला, मग चालू करायला विसरले, दूध नासलं. रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्यांचं भिंतीला भोक पाडणं आलंच.

सहावी तारचा निरोप आला, लांबलचक. “कवळीताई, मोकळी तार सुरात आहे, म्हणजे गिटार नीट जुळवलेली आहे. तुम्ही बोट ठेवलं की सूर चढतो. म्हणजे दाबताय जास्त. तार दाबायची असते, तिचा जीव घ्यायचा नसतो. अंगठा सैल सोडा, खांदा सोडा. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबता कशाला? बोटं शोधताय का?”

लिहून कळवलं: शोधत नाही. तिथे थांबा आहे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तसंच आहे.

“मूळ कोणाचं?”

माझ्या भावाचं.

“मग त्यांनाच विचारा, का थांबतात ते.”

विचारते, असं लिहिलं.

२० जानेवारी

सकाळी एका दवाखान्यातून खालच्या दाढेचा ठसा आला, एका बाजूला ओढला गेलेला. ठसा काढताना पेशंट हलला असणार. मी परत पाठवला. समोरच्या टेबलावरचा सहकारी मला नेहमी चिडवतो, “जरा मनानं भरून घे की. दाढच आहे ती, काय कुणाच्या ओळखीची आहे?” मी मनानं काही भरत नाही. ठशात असतं ते दातात येतं. म्हणून माझे दात परत येत नाहीत आणि त्याचे येतात.

धाकट्याची धूनही मी तशीच बसवली आहे. एकेक सूर ऐकून, थांबवून, परत ऐकून. मला लहानपणी त्याच्याशेजारी बसून शिकलेल्या चार कॉर्ड येत होत्या, तेवढ्यावर. त्याचा तो थांबा, त्याच्या आधी तारेवर घासल्याचा आवाज, सगळं आहे माझ्यात. आणि आता कोणीतरी आपल्या घरी बसून सांगणार की थांबा काढा. नाही काढणार.

२६ जानेवारी

मावशीचा फोन. तिला भावजयीकडून कळलं. “अगं, या वयात गिटार? लोक काय बोलतील?”

“लोकांच्या तोंडात दात मी घातलेत मावशी. बोलू देत.”

मावशी बराच वेळ हसली. मग म्हणाली, “रडलीस का तू एकदा तरी नीट?” मी म्हटलं, दूध वर आलंय, ठेवते. दूध नव्हतं.

वाजवलं: चारही ओळी. दुखलं: अंगठा.

२ फेब्रुवारी

भावजय जेवायला आली. जेवण झाल्यावर म्हटलं, ऐक. परवाचं रेकॉर्डिंग लावलं. दुसरी ओळ संपली, थांबा आला, आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून उभी राहिली. भांडी घासलेलीच होती.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, “छान बसवलंत ताई. अगदी तसंच.” मग थोड्या वेळानं, “दुसरं काहीतरी वाजवा ना पण. हॉलमध्ये. त्याची जुनी आवडती कितीतरी होती.”

“हीच का नको?”

“नको असं नाही. ऐकताना हात दिसतात त्याचे.”

आता गिटार ऐकताना हात दिसणारच. मला वाटतं तिला गिटार परत हवी आहे आणि बोलता येत नाही. हवी तर तसं सांगावं. मी एका शब्दानं नाही म्हणणार नाही. धून मात्र देणार नाही. ती त्याची बायको होती अकरा वर्षं, मी त्याची बहीण होते त्याच्या पहिल्या दिवसापासून.

हे लिहिलं ते बरं नाही. पण खोडणार नाही.

९ फेब्रुवारी

सहावी तारनं एक व्यायाम दिला. तारेवर बोट नुसतं टेकवायचं. नुसती खरखर येते. मग कणाकणानं जोर वाढवायचा. जिथे खरखर जाऊन सूर येतो तिथे थांबायचं. “त्यापुढचा सगळा जोर फुकट, कवळीताई. तो तारेला जात नाही, तुमच्या खांद्याला जातो.”

करून बघितलं. इतका कमी जोर लागतो की मला आधी खोटंच वाटलं. मेणावर सुरी टेकवावी तेवढाच.

पण त्या जोरानं धून वाजवली तर ती त्याची वाटत नाही. पातळ वाटते. त्याच्या प्रत्येक सुराला एक कळ आहे, जरा वर ओढलेली. सहावी तार त्याला बेसूर म्हणतात. म्हणोत. जोरानंच वाजवली आणि तशीच रेकॉर्ड करून टाकली.

उत्तर: “व्यायाम केलात का?”

केला, म्हटलं. आवडला नाही.

१५ फेब्रुवारी

वरच्या दाताचा कोपरा उडाला. काही चावत नव्हते, वाजवत होते. ज्यांच्यासाठी आम्ही सगळ्यात जास्त काम करतो त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“जबडा आवळतेस तू. दिवसाउजेडी. बघ, सगळी टोकं घासलीत.”

“मी नाही आवळत.”

“बाई, तू दात बनवतेस. हेच दात दुसऱ्याच्या ठशात दिसले असते तर काय म्हणाली असतीस?”

आवळतो म्हणाले असते. पण ते दुसऱ्याचे झाले.

त्यांनी कोपरा भरून दिला. चावताना उंच लागतोय का विचारलं. लागत होता. नाही म्हटलं.

२२ फेब्रुवारी

आज कपाट आवरलं. वरच्या फळीवर ते जाड कप निघाले, मोठ्या कानांचे. मागच्या उन्हाळ्यात धाकट्यासाठी आणलेले. उपचार चालू असताना तो दर आठवड्याला इथे यायचा, दवाखाना माझ्या घरापासून जवळ म्हणून. दोनदा चहाचा कप सुटला हातातून. “ताई, तुझ्या घरचे कप निसरडे झालेत गं.” मी दुसऱ्या दिवशी जाऊन हे आणले. तो हसला, म्हणाला, यात तर पोहता येईल. औषधांनी थकवा यायचा त्याला. शर्टाची बटणंही मीच लावायचे. हात वर करून उभा राहायचा, शाळेत जाताना राहायचा तसा.

कप परत ठेवून दिले. मला नाही आवडत त्यातून.

वाजवलं: चारही ओळी, पुष्कळ वेळा. दुखलं: सगळं.

८ मार्च

सहावी तारशी वाजलं.

त्यांचा निरोप: “कवळीताई, रागावू नका, पण मी इतकी वर्षं विद्यार्थी ऐकलेत. नवखा माणूस जोरानं दाबतो तो एकेका ठिकाणी. तुम्ही सगळीकडे सारखंच दाबता. असं तोच दाबतो ज्याला बोटाखाली तार आली की नाही हे कळत नाही. तुमची बोटं बधिर आहेत का? असतील तर डॉक्टरांना दाखवा.”

मी एरवी दोन ओळींच्या वर लिहीत नाही. आज लिहिलं. माझी बोटं मेणावरची केसाएवढी रेघ डोळे मिटून ओळखतात. माझ्या बोटांवर एका माणसाचं चावणं अवलंबून असतं. तुम्ही मला न बघता माझ्या बोटांबद्दल बोलू नका.

बराच वेळ काही आलं नाही. मला बरं वाटलं.

मग आलं. “माफ करा. मग ही तुमची सवय नाही. कोणाची तरी नक्कल आहे.”

हो, आहे.

“फार चांगली आहे. तिथेच अडचण आहे.”

मी फोन उलटा ठेवला. रविवारी भावजयीकडे जाऊन धाकट्याचं या धुनेचं आणखी एखादं जुनं रेकॉर्डिंग आहे का ते बघते. असलं तर त्यातही तो थांबा असेल, तोच जोर असेल. ते त्यांच्यासमोर ठेवते. म्हणजे तोंड बंद.

१५ मार्च

भावजयीकडे गेले. तिनं चहा टाकला. मी सरळ विचारलं, या धुनेचं जुनं काही आहे का, आधीच्या वर्षातलं. तिथले एक शिक्षक वाद घालतायत.

“काय म्हणतात?”

“म्हणतात असं तोच वाजवतो ज्याची बोटं बधिर आहेत.”

तिनं गॅस बंद केला. चहा झाला नव्हता.

“ताई, जुनं नाही मिळणार. ही धून आजारपणातलीच आहे. मे-जूनमधली.”

“मग?”

“मग त्याची बोटं गेली होती तेव्हा.”

“गेली म्हणजे?”

“औषधानं. टोकं बधिर झाली होती, हातांची, पायांचीही. तार लागलेली कळायचीच नाही त्याला. म्हणून दाबायचा. तुम्ही थांबता ना दुसऱ्या ओळीनंतर, तिथे हात लांब न्यायचा असतो. तो थांबून खाली बघायचा, बोटं पडली कुठे ते. डोळ्यांनी बघून एकेक बोट लावायचा.”

मी म्हटलं, “मला कोणी सांगितलं नाही.”

“सांगू नको म्हणाला. ताईला काहीही सांग, हातांचं सांगू नको. तिचं सगळं हातात आहे, ती झोपायची नाही, म्हणाला.”

“आणि तू? फेब्रुवारीत ऐकलंस तेव्हा?”

“तुम्ही इतक्या खुशीत लावलं होतंत. काय सांगू?”

मी चपला घातल्या. ती “ताई, ताई” करत जिन्यापर्यंत आली. मी वळून बघितलं नाही. घरापर्यंत चालत आले, बस समोरून गेली तरी.

१६ मार्च

वाजवलं नाही.

१९ मार्च

वाजवलं नाही. लॅबमध्ये दातावर बसवायची एक कॅप दोनदा बिघडली. सहकारी म्हणाला, “आज तुझे पण परत येणार वाटतं.” मी काही बोलले नाही तेव्हा त्यानं उठून माझं काम त्याच्या टेबलावर घेतलं.

२१ मार्च

राग कुणाचा आला आहे ते लिहून बघते.

सहावी तारचा नाही. त्या माणसानं बरोबर ऐकलं.

भावजयीचा थोडा. कमी होतोय.

धाकट्याचा. कप निसरडे, म्हणे. माझ्या तोंडावर बोलला, हसत, आणि मी दुकानात जाऊन कप बघत बसले, कान केवढे आहेत ते. बटणं लावून घेताना वर छताकडे बघायचा. मला वाटायचं लाजतोय. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? काही नाही. झोपले नसते. मग नसते झोपले. बहीण आहे मी, मला जागायचा हक्क होता.

आणि मी काय केलं? त्याचा आजार पाठ केला. सुरासकट, थांब्यासकट. वर लोकांशी भांडले की हाच माझा भाऊ.

२३ मार्च

सहावी तारला कळवलं. भाऊ ऑगस्टमध्ये गेला. बोटं बधिर होती. तुम्ही बरोबर होतात.

संध्याकाळी निरोप आला, नेहमीपेक्षा हळू बोलत होते. “मला माहीत असतं तर त्यांना विचारा म्हणालो नसतो. ताई, यंदा नाव काढून घ्या. मी सांगतो त्यांना. पुढच्या वर्षी वाजवा, घाई काय आहे?”

माणूस चांगला आहे. पण त्या चांगुलपणाचाच मला इतका संताप आला की मी उभी राहून उत्तर लिहिलं. नाव काढणार नाही. तुम्ही चुका सांगायच्या, तेवढंच तुमचं काम. दया नको.

“बरं,” आलं. आणि मग, “मग अंगठा सैल सोडा.”

२४ मार्च

भावजय न सांगता आली. दारात उभी राहून म्हणाली, “आत घेता की जाऊ?”

“बस.”

मीच म्हटलं, “तो थांबा काढला, जोर काढला, तर त्याचं काय राहिलं गं त्यात?”

“धून राहिली की. थांबा त्यानं केला नव्हता ताई. तो झाला होता. चिडायचा तो तिथे, शिव्या द्यायचा. तुमच्या फोनमध्ये आलंय त्यात शिव्या नाहीत, कारण त्या रेकॉर्डिंगला मी समोर बसले होते.”

“शिव्या? धाकटा?”

“अस्सल. तुमच्यासमोर देणार होता का?”

मला हसू आलं. मग तिलाही.

विचारलं, चांगल्या हातांनी ही कशी वाजली असती?

“मला नाही माहीत. त्यालाही नव्हतं. चांगल्या हातांनी ती कधी वाजलीच नाही.”

म्हणजे ठसाच नाही. जो आहे तो ओढला गेलेला. दवाखान्याला परत पाठवायचा तर पेशंट नाही.

ती गेल्यावर गिटार घेतली आणि नुसती मांडीवर धरून बसले.

२८ मार्च

ठरवलं. मनानं करायचं. पंचवीस वर्षांत जे केलं नाही ते करायचं. बिघडलं तर बिघडलं. त्यानं मला विचारलं नाही, मी त्याला विचारणार नाही.

वाजवलं: पहिली ओळ, अंगठा गिटारच्या मानेवरून पूर्ण काढून. सहावी तारनंच सांगितलं होतं. हात लटकतो, गिटार पडेल असं वाटतं. पडत नाही. सूर खाली आला, जागेवर. ती ओढलेली कळ गेली. त्याखाली साधा, गोल सूर होता. तो तिथे होता हे मला इतके दिवस माहीत नव्हतं.

बाकीच्या ओळी वाजवल्या नाहीत. पुरे झालं एका दिवसाला.

५ एप्रिल

दात एकावर एक येऊ नयेत म्हणून तोंड जरा उघडं ठेवून वाजवते. भावजय आता एक दिवसाआड येते, समोर बसते. “ताई, तुम्ही अशा दिसता की कुणीतरी तुमच्या तोंडाचा ठसा घेतंय.” खांदा वर गेला की उठून येऊन दाबते आणि परत जाऊन बसते. तिचे हात जड आहेत.

दुसरी ओळ सैल हातानं येते. शेवटाला मात्र हात आपोआप थांबतो. मला थांबायचं नसतं, तो थांबतो. इतका पक्का बसवला मी. आज दहा वेळा तरी थांबले. अकराव्या वेळी भावजय जोरात म्हणाली, “चला पुढे!” आणि हात गेला. नुसता सरकत गेला, बघावं लागलं नाही, बोटं जाऊन बसली.

तिसरी ओळ वाजवलीच नाही कोणी. दोघी बघत बसलो एकमेकींकडे.

मग मी आत जाऊन तोंड धुतलं. धुवायला बराच वेळ लागला. बाहेर ती ताटं मांडत होती, काही विचारलं नाही. नळाचं तिला ठाऊक आहे.

६ एप्रिल

डोळे सुजलेत. सहकारी म्हणाला, प्लास्टरची धूळ गेली का डोळ्यात? हो म्हटलं. त्यानं चष्मा काढून दिला, घासताना घालतो तो. दिवसभर घातला.

१२ एप्रिल

नवं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं नाही. सहावी तारनं विचारलं, ऐकवत का नाही? हॉलमध्ये ऐका, म्हटलं. “चुका राहतील.” राहू देत. इतके दिवस दुसऱ्याच्या राहिल्या.

मावशीचाही फोन. ती हॉलमध्ये येणार म्हणते. “लोक बोलतील त्यांच्यात बसायला मला पुढची खुर्ची ठेव.”

१९ एप्रिल

झालं.

हॉल म्हणजे एका वाचनालयाच्या वरची खोली. घडीच्या खुर्च्या, एक पंखा कुरकुरणारा, तो बंद करायला लावला तर सगळे घामाघूम. सहावी तार समोरच भेटले. मला उंच, आढ्यताखोर माणूस वाटला होता. ठेंगणे आहेत, पोट पुढे, काखेत छत्री. मी म्हटलं, मी कवळी. त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

माझ्याआधी एका मुलीनं फार सुंदर वाजवलं. मला पळून जावंसं वाटलं. मावशी पुढच्या खुर्चीत, तिच्याशेजारी भावजय. नाव पुकारलं, कवळी, लोक हसले. मीही हसले, त्यामुळे जबडा सुटला.

म्हटलं, ही माझ्या भावाची धून आहे. तो गेला. ही त्यानं बसवली तशी मी वाजवणार नाही. एवढंच बोलायचं ठरलं होतं. आणखी एक वाक्य ठरलं होतं ते विसरले.

पहिली ओळ बरी गेली. दुसरीही. तिच्या शेवटाला मी खाली बघितलं नाही, भावजयीकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. हात गेला. तिसऱ्या ओळीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, मी जोरात निघाले, जणू गाडी सुटत होती. चौथ्या ओळीत परत सावरले. संपलं तेव्हा कुणाला कळलं नाही की संपलं, मग मावशीनं टाळी वाजवली.

भावजय आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दाबला नाही. म्हणाली, “आज हात दिसले नाहीत त्याचे. तोच दिसला. शिव्या देणारा.”

सहावी तार निघताना थांबले. छत्री या काखेतून त्या काखेत केली. शिक्षकच शेवटी, राहवेना.

“सूर अगदी जागेवर होते ताई. खांदा उत्तम. फक्त तिसऱ्या ओळीत घाई केलीत.”

“हो,” मी म्हटलं. “ती घाई माझी.”